विश्लेषण : मंदीत घर घ्यावे की भाड्याने राहावे? तळोज्याचे गणित काय सांगते?

मुंबई महानगरात पगारदार माणसाला स्वतःचे घर परवडेल अशी ठिकाणे फार उरलेली नाहीत. तळोजा त्यांपैकी एक. मेट्रो आली, नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली, सिडकोच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. पण पगारवाढ रखडलेली असते, कार्यालयात नोकरकपातीची कुजबुज सुरू असते आणि तेव्हाच घरांवर सवलतींच्या जाहिराती येतात. अशा काळात २० वर्षांचा हप्ता गळ्यात बांधून घ्यायचा की दरमहा भाडे भरून थोडे थांबायचे? भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, हे वाक्य मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. तळोज्याच्या बाबतीत ते कितपत खरे आहे?

मंदीत घर स्वस्त होते का?

शेअर बाजार कोसळतो तसे घरांचे भाव आपल्याकडे सहसा कोसळत नाहीत, ते थिजतात. बिल्डर दर चौरस फुटाचा भाव जाहीरपणे उतरवत नाही, कारण आधीचे ग्राहक दारात येऊन उभे राहतील. सवलत आडमार्गाने मिळते. मुद्रांक शुल्क बिल्डर भरतो, पार्किंग फुकट देतो, वरच्या मजल्याचा जादा आकार माफ करतो किंवा ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही अशी योजना आणतो. खरी घासाघीस फेरविक्रीच्या बाजारात होते. गुंतवणूक म्हणून घेतलेले घर रिकामे पडले असेल आणि मालक दरमहा सोसायटीचा मेंटेनन्स भरून कंटाळला असेल, तर तो दोन-तीन लाख खाली यायला तयार होतो. भाव थिजलेला असताना महागाई थांबत नाही. म्हणजे थांबणाऱ्याचे नुकसान होतेच असे नाही.

भाडे आणि हप्ता यांत फरक किती?

उदाहरणादाखल ४० लाखांचे वन बीएचके घर धरू. भाडे महिना १० हजार. हे आकडे प्रत्येक सेक्टरमध्ये आणि प्रत्येक इमारतीत वेगळे निघतील, पण पद्धत तीच राहील.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपेक्षा मोठ्या आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देऊ शकते. म्हणजे ३२ लाख कर्ज आणि ८ लाख पदरचे. शिवाय मुद्रांक शुल्क आणि अधिभार मिळून सात टक्के धरले तर २ लाख ८० हजार, नोंदणी शुल्क ३० हजार. यासाठी बँक पैसे देत नाही. घराच्या किल्ल्या हातात येण्यापूर्वीच ११ लाखांच्या वर रक्कम जाते. यातले तीन लाखांहून अधिक उद्या घर विकले तरी परत मिळत नाहीत.

८ टक्के व्याजाने २० वर्षांचा हप्ता साधारण २६,७६६ रुपये. पहिल्या वर्षात भरलेल्या ३ लाख २१ हजारांपैकी सुमारे २ लाख ५४ हजार व्याजातच जातात. मुद्दल फिटते जेमतेम ६८ हजार. मेंटेनन्स महिना अडीच हजार धरला तर वर्षाचे ३० हजार. पदरचे ११ लाख बँकेत ठेवले असते तर साडेसहा टक्क्यांनी ७२ हजार व्याज आले असते, तेही गेले. बेरीज ३ लाख ५६ हजार. हा पैसा मालकाच्या हातातून कायमचा जातो. त्याच घरातला भाडेकरू वर्षाला १ लाख २० हजार देतो.

पाण्यात जाणारा पैसा मोजायचाच असेल, तर पहिल्या वर्षी मालकाचा भाडेकरूपेक्षा जवळपास तिप्पट जातो. फरक २ लाख ३६ हजारांचा. हे घर दरवर्षी जवळपास सहा टक्क्यांनी महागले, तरच पहिल्या वर्षांचा हिशेब बरोबरीत सुटतो. भाव थिजलेल्या काळात एवढी वाढ गृहीत धरणे धाडसाचे आहे.

मग हप्त्याच्या बाजूने काहीच नाही का?

आहे, आणि ते कमी महत्त्वाचे नाही. भाडे दरवर्षी वाढते, हप्त्यातले व्याज दरवर्षी कमी होते. वरच्या उदाहरणात भाडे वर्षाला पाच टक्क्यांनी वाढले, तर दहाव्या वर्षी ते १ लाख ८६ हजारांवर जाते आणि त्या वर्षीचे व्याज १ लाख ८३ हजारांच्या आसपास उतरते. तिथून पुढे पारडे मालकाच्या बाजूने झुकू लागते. म्हणूनच दहा-बारा वर्षे राहायची खात्री असलेल्याला आणि चार वर्षांनी पुण्याला किंवा बंगळूरुला जाण्याची शक्यता असलेल्याला एकच सल्ला देता येत नाही.

दुसरा मुद्दा स्वभावाचा. भाडेकरू जिंकतो तो कागदावर, आणि तेही हप्ता अधिक मेंटेनन्स वजा भाडे हा फरक, म्हणजे महिना सुमारे १९ हजार, त्याने खरोखर बाजूला टाकला तर. आवर्ती ठेवीत असो वा एसआयपीत, ती रक्कम पगाराच्या दिवशीच खात्यातून जायला हवी. ती मोबाइलच्या हप्त्यात आणि हॉटेलच्या बिलांत गेली, तर २० वर्षांनी शेजारच्या मालकाकडे घर असेल आणि भाडेकरूकडे पावत्या. गृहकर्ज ही सक्तीची बचत आहे आणि सक्तीशिवाय बचत न होणारी माणसे पुष्कळ आहेत.

तिसरे, मुलांची शाळा मध्येच बदलावी लागत नाही. ११ महिने संपले की घरमालकाच्या फोनची धास्ती नाही. याची किंमत रुपयांत काढता येत नाही, पण ती शून्यही नसते.

करसवलतीचा मुद्दा मात्र आता बराचसा निकाली निघाला आहे. स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील दोन लाखांपर्यंतच्या व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत ती नाही, घरभाडे भत्त्याची सूटही नाही. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. ‘टॅक्स वाचवायला घर घ्या’ असे सांगणाऱ्या एजंटला, नेमका किती वाचेल, हे कागदावर मांडायला सांगावे.

तळोज्याचा इतिहास काय सांगतो?

तळोज्यात घर घेताना गेली अनेक वर्षे ‘येणाऱ्या’ गोष्टींचे पैसे मोजावे लागले आहेत. बेलापूर ते पेंधर या मेट्रो मार्गाचे काम २०११ मध्ये सुरू झाले. ११.१ किलोमीटरच्या आणि ११ स्थानकांच्या या मार्गावर प्रवासी गाडी धावली ती १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. मधली बारा वर्षे जाहिरातीत मेट्रो होती, रस्त्यावर रिक्षा होती. ज्याने सुरुवातीच्या काळात मेट्रोच्या भरवशावर घर घेतले, त्याने मेट्रोचे पैसे आधी भरले आणि प्रवासाचा खर्च वेगळा केला. त्या वर्षांत भाड्याने राहिलेल्याचे या प्रतीक्षेत काही अडकले नव्हते.

आज चित्र बदलले आहे, हे मान्य करायला हवे. पेंधरहून बेलापूरला थेट जाता येते. सप्टेंबर २०२४ मध्ये कमाल भाडे ४० वरून ३० रुपयांवर आले. बेलापूरला उतरून हार्बरची लोकल पकडता येते. पण तळोजा फेज वनमधल्या आणि फेज टूमध्ये आत असलेल्या सोसायटीतल्या माणसाचे स्थानकापर्यंतचे अंतर सारखे नाही. दिवा-पनवेल मार्गावरील तळोजा पाचनंद स्थानक आहे, तिथे गाड्या मोजक्या. घर बघायला रविवारी दुपारी बिल्डरच्या गाडीतून जाण्याऐवजी सोमवारी सकाळी कामाच्या वेळेला स्वतः जाऊन पाहावे.

काही गोष्टी मात्र एका फेरीत कळतच नाहीत. औद्योगिक वसाहत लागून आहे. रात्री-पहाटे रसायनांचा उग्र वास येतो, ही रहिवाशांची जुनी तक्रार आहे. कासाडी नदीच्या प्रदूषणाचा विषय हरित लवादापर्यंत गेला. पाणीटंचाई आणि टँकरवरचा खर्च हेही इथल्या सोसायट्यांच्या बैठकांतले नेहमीचे विषय. हे सगळ्याच सेक्टरमध्ये सारखे नाही, आणि हाच भाड्याने राहण्याचा सर्वांत मोठा फायदा. घेण्याआधी त्याच परिसरात एक पावसाळा आणि एक उन्हाळा भाड्याने काढला, तर वासाची दिशा, पाण्याची वेळ आणि पाणी कुठे तुंबते, हे सगळे कळते. वर्षाचे लाख-सव्वा लाख भाडे ही ४० लाखांच्या निर्णयाची चाचणी फी समजायला हरकत नाही.

सिडकोच्या घरांचे काय?

इथे गणित थोडे बदलते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिडकोने २६ हजार घरांची योजना आणली. जानेवारी २०२५ मध्ये किमती जाहीर झाल्या तेव्हा तळोज्यातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे घर २५ ते २६ लाखांच्या घरात, तर अल्प उत्पन्न गटाचे ३४ ते ४६ लाखांपर्यंत होते. या उत्पन्न गटांना एवढे परवडणार कसे, अशी ओरड झाली. डिसेंबर २०२५ मध्ये या दोन गटांच्या घरांच्या किमती दहा टक्क्यांनी कमी करण्याची घोषणा करण्यात आली. २५ लाखांच्या घरावर ही बचत अडीच लाखांची. सरकारी घराची किंमतही मागणी मंदावल्यावर खाली येऊ शकते, हे यातून दिसले.

साडेबावीस लाखांच्या घराला १८ लाख कर्ज धरले तर ८ टक्क्यांनी हप्ता १५ हजारांच्या थोडा वर जातो. एवढ्याच घराला बाहेर आठ हजार भाडे पडत असेल, तर वर्षाचे भाडे किमतीच्या सव्वाचार टक्के होते. ४० लाखांच्या उदाहरणात ते तीन टक्के होते. हा आकडा जितका कर्जाच्या व्याजदराजवळ, तितकी खरेदी रास्त. सोडतीत पात्र ठरणाऱ्याने म्हणूनच खासगी इमारतीकडे जाण्याआधी हा पर्याय तपासावा. फक्त ताब्याची तारीख आणि विक्रीवरील अटी नीट वाचाव्यात.

२०२० च्या मंदीत घेतलेल्यांचे काय झाले?

करोनाकाळात राज्य सरकारने मुद्रांक शुल्क सप्टेंबर ते डिसेंबर २०२० पर्यंत तीन टक्क्यांनी आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांनी कमी केले. रेपो दर ४ टक्क्यांवर होता, गृहकर्ज सात टक्क्यांना आणि त्याहून स्वस्त मिळत होते. नोंदणी कार्यालयांत रांगा लागल्या. ज्यांची नोकरी टिकली त्यांना हा सौदा चांगला पडला.

पण व्याजदर तरता होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो ६.५ टक्क्यांवर गेला. ७ टक्क्यांनी घेतलेल्या ३२ लाखांच्या कर्जाचा हप्ता २४,८१० रुपये होता. दोन वर्षांनी दर एकदम अडीच टक्क्यांनी वाढला आणि हप्ता तोच ठेवला असे धरले, तर उरलेली १८ वर्षे ३७ वर्षांवर जातात. मुदत तीच ठेवायची तर हप्ता साडेचार हजारांहून अधिक वाढतो. अशा तक्रारी वाढल्यावर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावले की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की स्थिर दराकडे जायचे, याचा पर्याय ग्राहकाला द्यावा. २०२५ मध्ये रेपो टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर आला. आज स्वस्त वाटणारा हप्ता घेताना दोन-अडीच टक्के जास्त दराने तो झेपेल का, हे आधीच पाहायला हवे.

२०२० मध्ये ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभाही मिळाली होती, पण त्या महिन्यांचे व्याज चढतच राहिले. शिवाय ती सवलत साऱ्या देशावर संकट आले म्हणून मिळाली. एका कंपनीने शंभर माणसे कमी केली, तर बँक थांबत नाही.

कोणी थांबावे, कोणी घ्यावे?

पदरची रक्कम भरल्यानंतरही सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बँकेत शिल्लक राहत नसतील, तर थांबावे. घरात एकच पगार असेल आणि तोच डळमळीत असेल, तर सवलत कितीही मोठी असली तरी थांबावे. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घर घेणाऱ्यावर तर भाडे आणि हप्ता दोन्ही एकाच वेळी पडतात, आणि मंदीत प्रकल्प रखडण्याची शक्यता वाढते. महारेरावर प्रकल्पाची पूर्णतेची तारीख किती वेळा पुढे ढकलली गेली, हे मोबाइलवर दोन मिनिटांत दिसते. ताबा लांबला तर व्याज किंवा पैसे परत मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. तो मिळवायला मात्र वेळ आणि चिकाटी लागते.

दोन पगार, दहा वर्षे इथेच राहण्याचा बेत, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली तयार इमारत आणि विकायला उत्सुक मालक, असा योग जुळला तर मंदी ही खरेदीची वेळ असू शकते. तयार घरावर जीएसटी लागत नाही. आजूबाजूच्या गावांतील स्वस्त इमारतींबाबत एक साधी कसोटी आहे. राष्ट्रीयीकृत बँक त्या इमारतीला कर्ज देते का, हे विचारावे. देत नसेल, तर कारण कागदांत असते.

थांबायचे ठरवणाऱ्यांनीही कागद सांभाळावेत. लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. हे काम ऑनलाइन होते. ११ महिन्यांऐवजी दोन-तीन वर्षांचा करार करून दरवर्षीची वाढ त्यातच लिहून घेता येते. रिकाम्या घराचा मेंटेनन्स भरत बसलेला मालक मंदीत अशा कराराला सहसा नाही म्हणत नाही.