फणी काढून विणलेले चित्र

माग म्हणजे काय, हे सोलापूरकडच्या माणसाला सांगायला नको. शहराच्या पूर्व भागात गेले की मागाची खटखट कानी पडते. सोलापुरी चादर तर घरोघरी आहे. पण मागावर भिंतीवर टांगायचे चित्रही विणता येते. सोलापुरात अशी चित्रे हातमागावर विणली गेली आहेत. हेच काम मुंबईत मोनिका कोरिया या बाईंनी वेगळ्या रीतीने केले.

त्यांचा जन्म १९३८ सालचा. त्या विणकराच्या घरच्या नव्हेत. कॉलेजात त्या सूक्ष्म जंतूंचे शास्त्र शिकल्या. त्यांचे पती चार्ल्स कोरिया हे नावाजलेले वास्तुशिल्पी. साबरमतीचे गांधी संग्रहालय त्यांनीच उभारले. १९६२ च्या सुमारास दोघे अमेरिकेत बोस्टनला होते. तिथे मारियान स्ट्रेंगेल या फिनलंडच्या विणकर बाईंनी मोनिकाबाईंना विणकामाचे पहिले धडे दिले. मुंबईला परतल्यावर त्या सरकारी विणकर सेवा केंद्रात पुढचे शिकल्या. लग्नानंतर त्यांनी हा नवा धंदा हाती धरला, हे ध्यानात घ्या. शिकायला वयाची अट नसते.

आता त्यांची युक्ती ऐका. मागाला फणी असते. तिच्या दातांतून उभे धागे जातात. फणी त्यांना सारख्या अंतरावर धरते. आडवा धागा ठोकून बसवते तीच. म्हणून कापड सरळ येते. मोनिकाबाई विणता विणता मध्येच फणी काढून टाकत. मग उभे धागे मोकळे होत. कुठे जवळ येत, कुठे दूर सरत, नदीच्या पाण्यासारखे वळत. त्या वळणांतून चित्र उमटे.

आपला विणकर म्हणेल, "अहो, कापड बिघडलं की!" बरोबर आहे. चादर अशी विणली तर गिऱ्हाईक घेणार नाही. पण हे पांघरायचे कापड नव्हे.

यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. यंत्रमाग आला आणि पुष्कळ हातमाग बंद पडले. सरळ कापड भराभर विणण्यात हात यंत्राला हरवू शकत नाही. पण धागा कुठे सोडायचा, कुठे आवरायचा, हे हाताला आणि डोळ्याला कळते. हातमाग टिकवायचा तर असे काम शोधले पाहिजे. मात्र फणी काढायची कधी, हे फणीवर काम केलेल्यालाच कळते.