पिशवीत काय आहे?

महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत पहिलीपासून इंग्रजी आलं ते जून 2000 मध्ये, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. 2025 मध्ये त्याला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा सगळं राज्य पहिलीपासून हिंदी हवी की नको यावर भांडत होतं. इंग्रजीचं काय झालं, हे कुणी विचारलंच नाही.

त्याआधीच्या, पाचवीपासूनच्या इंग्रजीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. गुरुजी डस्टर उंच धरून विचारायचे, ‘व्हॉट इज धिस?’ आणि वर्ग एका सुरात ओरडायचा. बसकरपट्टीच्या टोकाला पेंगणाऱ्यालाही ज्याचं उत्तर ठाऊक, तो प्रश्न कसला?

2000 नंतरची दहा वर्षं मात्र मजेची गेली. इंग्रजी कशी शिकवावी हे वर कुणालाच नीट माहीत नव्हतं, म्हणून आम्हा शिक्षकांना मोकळीक होती. जिल्हा परिषदेच्या आमच्या शाळेत बाजाराची कापडी पिशवी यायची. आत कुलूप, चिंच, भोवरा, असं काहीही. एकाने आत डोकावायचं, बाकीच्यांनी विचारायचं. सुरुवातीला ‘इट इज राउंड?’ असंच यायचं, कारण मराठीत नुसता हेल काढला तरी प्रश्न होतो. नियम एकच ठेवला: प्रश्न वाकडा असेल तर पिशवीवाल्याने गप्प बसायचं. मग पोरंच एकमेकांवर खेकसायची, ‘अरे, इज आधी घे!’ लाल शाईने जे जमलं नव्हतं, ते त्या गप्प बसण्याने जमलं.

तरी ‘इज इट अ पेन? इज इट अ बॉल?’ अशी नावांची सरबत्ती चालायची. म्हणून वीस प्रश्नांची मर्यादा घातली. ही कल्पना माझी नव्हे. बीबीसी रेडिओवर 1947 पासून ‘ट्वेंटी क्वेश्चन्स’ नावाचा असाच खेळ होता. हो-नाहीचा प्रत्येक प्रश्न शक्यता निम्म्यावर आणणारा असेल, तर वीस प्रश्नांत दहा लाख वस्तूंतून एक हुडकता येते. पोरांना हे गणित कुणी सांगितलं नाही. पण ‘कॅन यू ईट इट?’ आधी विचारावं, हे त्यांना कळलं. शेतकऱ्याच्या एका पोरीने ‘डझ इट ग्रो अंडर द ग्राउंड?’ विचारून कांदा चौथ्या प्रश्नात पकडला. त्या ‘डझ’पाशी नववीतली मुलंही अडखळतात.

भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभूंनी 1979 ते 1984 दरम्यान दक्षिणेतल्या शाळांत हेच तत्त्व राबवलं होतं: मुलाला तर्काने सोडवण्याजोगं काहीतरी द्या, भाषा मागून येते. आमच्याकडे तपासणीला आलेल्या एका साहेबांना मात्र फक्त गोंगाट ऐकू आला. शेरेबुकात ‘वर्गनियंत्रण नाही’ लिहून गेले. पुढे एका प्रशिक्षणात हीच पिशवी ‘नावीन्यपूर्ण उपक्रम’ म्हणून पडद्यावर दाखवण्यात आली, आणि दाखवत होते तेच साहेब!

2010 नंतर पुस्तकं बदलली, ज्ञानरचनावाद आला, वर्गांच्या फरशा रंगल्या, ऑनलाइन माहिती भरण्यात तासच्या तास जाऊ लागले. आता भिंतीवरचा स्मार्ट टीव्ही प्रश्न विचारतो आणि मूल चारांतला एक पर्याय सांगतं. दहावीच्या पेपरात अधोरेखित शब्द उत्तर म्हणून येईल असा प्रश्न बनवायचा असतो. म्हणजे उत्तर आधी छापलेलं, आणि प्रश्न कुणालाच विचारायचा नाही.

2019 मध्ये भाषांचे, तोंडी परीक्षेचे अंतर्गत 20 गुण काढले आणि दहावीचा निकाल 77.10 टक्क्यांवर आला. ओरड झाली ती गुणांसाठी, तोंडी परीक्षेसाठी नव्हे. पुढच्याच वर्षी गुण परत आले. त्या विसातले पाच तरी मुलाने परीक्षकाला विचारलेल्या प्रश्नांना द्या, एवढंच मंडळाला सांगणं आहे. पिशवी शाळा आणेल.