खाकीतला शेजारी

अनंत चतुर्दशीची संध्याकाळ होती. आमच्या चौकातून मिरवणुका नदीकडे निघाल्या होत्या आणि मी दरवर्षीप्रमाणे कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून गर्दी पाहत होतो. चौकात रस्त्याला आडवी दोरी धरून एक पोरगेलासा तरुण उभा होता. अंगात खाकी गणवेश, काखेत काठी. सकाळी मी दूध आणायला बाहेर पडलो तेव्हाही तो तिथेच होता. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला दोरीपाशी येऊन थडकला. तरुणाने हात करून त्याला मागे फिरायला सांगितले, तसा तो खेकसला, "तू काय पोलीस आहेस का? होमगार्ड तर आहेस!"

तरुण काही बोलला नाही. दोरी मात्र त्याने सोडली नाही. गाडीवाला शिव्या पुटपुटत गेला. मी पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारले, "राग नाही आला?"

"खोटं काय बोलला तो, काका? होमगार्डच आहे ना मी," तो हसून म्हणाला आणि घटाघटा पाणी प्यायला.

त्या वाक्यातला ‘तर’ हा शब्द मात्र घरी येईपर्यंत माझ्या मागे मागे आला. कारण हाच ‘तर’ मी एकदा बँकेच्या कागदावर लेखणीने लिहिला होता. ती हकिगत सांगण्याआधी थोडे मागे जायला हवे.

माझा जन्म १९६० चा. पहिला होमगार्ड मी पाहिला तो अकराव्या वर्षी, डिसेंबर १९७१ मध्ये. पाकिस्तानशी युद्ध सुरू झाले होते. आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते, मोटारींचे दिवे वरून अर्धे काळे रंगवले होते आणि भोंगा झाला की सगळी मुंबई काळोखात बुडून जायची. आमच्या शेजारच्या खोलीतले काका गिरणीच्या कचेरीत कारकून होते. दिवसभर खाली मान घालून आकडेमोड करणारा, कधी कुणाला अरे-तुरे न करणारा हा माणूस संध्याकाळी खाकी कपडे चढवून बाहेर पडे आणि शिट्टी घेऊन रात्री गल्लीत फिरे. एका रात्री आमच्या दारातून उजेडाची रेघ बाहेर पडत होती. आजीच्या देवघरातली समई जळत होती. काका दारात आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आजी, आजच्या दिवस देवालाही जरा अंधारात बसू द्या." आजी एरवी कुणाचे ऐकणारी नव्हती. पण तिने समईपुढे पाट उभा केला. पोलीस आला असता तर तिने त्याला चार गोष्टी सुनावल्या असत्या. काकांचे तिने ऐकले, कारण ते शेजारचे होते. ही गोष्ट कळायला मला पुढची पंचवीस वर्षे लागली.

‘होमगार्ड’ हे नाव आले इंग्लंडहून. १९४० साली जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या आणि आता आपल्याही बेटावर आकाशातून छत्रीधारी सैनिक उतरणार, अशी धास्ती तिथे पसरली. १४ मे १९४० रोजी युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून आवाहन केले, की सैन्यात नसलेल्या पुरुषांनी गाव राखायला पुढे यावे. चोवीस तासांत सुमारे अडीच लाख लोकांनी नावे नोंदवली. त्यांत शेतकरी होते, दुकानदार होते, पहिल्या महायुद्धातले पिकल्या केसांचे सैनिक होते. सुरुवातीला हत्यारे पुरेशी नव्हती. ज्याच्या हाती जे लागले ते घेऊन लोक पहाऱ्याला उभे राहिले. ‘स्थानिक संरक्षण स्वयंसेवक’ हे लांबलचक नाव बदलून ‘होमगार्ड’ हे सुटसुटीत नाव चर्चिल यांच्या आग्रहाने आले. शत्रू काही उतरला नाही आणि डिसेंबर १९४४ मध्ये या दलाला निरोप देण्यात आला. पुढे बीबीसीने त्यांच्यावर एक विनोदी मालिका केली आणि लोक वर्षानुवर्षे पोट धरून हसले.

आपल्याकडची गोष्ट हसण्यासारखी नव्हती. १९४६ च्या सप्टेंबरात मुंबईत जातीय दंगल उसळली आणि पुढे महिनोन्‌महिने धुमसत राहिली. इंग्लंडमध्ये शत्रू आकाशातून येणार होता. इथे तो पलीकडच्या गल्लीतून येत होता, आणि पलीकडच्या गल्लीला तो आपल्या गल्लीतून जात होता. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात त्या वेळी मोरारजी देसाई गृहमंत्री होते. नुसत्या पोलिसांच्या बळावर शहर शांत होत नाही, नागरिकांतूनच शिस्तबद्ध स्वयंसेवक उभे केले पाहिजेत, या विचाराने ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत होमगार्ड दलाची स्थापना झाली. पाठोपाठ १९४७ चा मुंबई होमगार्ड कायदा आला. ‘निष्काम सेवा’ हे दलाचे ब्रीद ठरले.

त्या कायद्यातली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. होमगार्डला कर्तव्यावर बोलावले, की तेवढ्या काळापुरते त्याला पोलिसाचेच अधिकार आणि पोलिसाचेच संरक्षण मिळते. बोलावणे संपले की तो पुन्हा तुमच्या-आमच्यासारखा. म्हणजे ‘तू काय पोलीस आहेस का’ या त्या गाडीवाल्याच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर "हो, आत्ता या घटकेला आहे" असेच होते. पोराला ते ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असून त्याने ते सांगितले नाही.

मुंबईने लावलेले हे रोप पुढे देशभर गेले. १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाल्यावर केंद्र सरकारने राज्यांना सुचवले, की आपापल्या स्वयंसेवी संघटना एकत्र करून सगळीकडे ‘होमगार्ड’ या एकाच नावाचे, एकाच घडणीचे दल करावे. आज देशभरातली या दलाची मंजूर संख्या पावणेसहा लाखांच्या घरात आहे. कवायत, बंदूक, प्रथमोपचार, आग विझवणे, वाहतूक सांभाळणे असे शिक्षण त्यांना देतात. पंढरीची वारी असो, नाशिकचा कुंभमेळा असो, निवडणूक असो की महापूर, पोलिसांच्या शेजारी हे खाकीतले लोक उभे असतात. दलाचा वर्धापनदिन ६ डिसेंबरचा. त्याच दिवशी बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी चैत्यभूमीवर अफाट जनसागर येतो. आणि दंगल विझवण्यासाठी जन्मलेल्या या दलाच्या वाढदिवशीच, १९९२ साली, अयोध्येत जे घडले त्याने मुंबई पुन्हा पेटली. इतिहास कधी कधी तारखा फार निर्दयपणे निवडतो.

आता माझी गोष्ट. १९९६ साली मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत कर्जाचे टेबल सांभाळत होतो. बँकेचे नाव सांगत नाही, गावाचेही नाही. एक दिवस चाळिशीचा एक शेतमजूर बायकोच्या शिलाई मशीनसाठी छोट्या कर्जाचा अर्ज घेऊन आला. ‘व्यवसाय’ या रकान्यात त्याने वळणदार अक्षरात लिहिले होते, ‘होमगार्ड’.

मी पगारपत्रक मागितले. त्याने तालुक्याच्या होमगार्ड कार्यालयाचा दाखला पुढे केला. त्यात लिहिले होते, की सदर इसम दलाचा सदस्य असून ही सेवा मानसेवी आहे. मानसेवी म्हणजे पगार नाही. बोलावतील त्या दिवसाचा किरकोळ भत्ता, आणि कधी बोलावतील याचा नेम नाही. मी लाल शाईने ‘होमगार्ड’ या शब्दावर रेघ मारली आणि वर लिहिले, ‘शेतमजूर’.

तो वाकून पाहत होता. म्हणाला, "सायेब, शेतमजूर बी लिवा की, त्ये खरंच हाय. पर त्ये खोडू नगा."

"अहो, तो काही व्यवसाय नाही," मी म्हणालो, "होमगार्ड तर आहात तुम्ही."

हाच तो ‘तर’. कर्ज मंजूर झाले नाही. नियमात बसत नव्हते, आणि नियमांच्या बाबतीत मी कडक म्हणून माझा लौकिक होता. तो नमस्कार करून गेला.

दोन-तीन आठवड्यांनी गावात एका मिरवणुकीवरून ठिणगी पडली. दुपारी दुकाने फटाफट बंद झाली, कुठेतरी काचा फुटल्या, दगड आले. आम्ही शटर ओढून आत बसलो. बाहेरून नुसते आवाज येत होते. रात्री आठच्या सुमारास शटरवर काठीची टकटक झाली. तो होता. खाकीत. "सायेब, चला, घराकडं सोडतो," म्हणाला.

माझे बिऱ्हाड गावाच्या दुसऱ्या टोकाला होते आणि वाटेत दोन्ही समाजांच्या गल्ल्या लागत. रस्त्यावर विटांचे तुकडे पडले होते, दिवे गेले होते. प्रत्येक वळणावर अंधारात माणसांचे घोळके उभे होते. पहिल्या घोळक्यातून कुणी तरी ओरडले, "कोण हाय?" त्याने नुसते आपले नाव सांगितले. घोळका बाजूला झाला. पुढच्या गल्लीतही तेच. एका म्हाताऱ्याला त्याने, "चाचा, पोरास्नी आत घ्या, लई रात झाली," म्हटले आणि म्हाताऱ्याने खरोखरच पोरांना आत घेतले. मी थक्क झालो. घरी पोहोचल्यावर विचारले, "तुला भीती नाही वाटत?"

"वाटती की. पर हितल्या समद्यांच्या रानात खुरपलंय म्या. ह्यांच्या बी, त्यांच्या बी. वळखीच्या माणसावर दगुड टाकाया हात जड हुतो."

बंदोबस्ताला त्या रात्री बाहेरगावाहून पोलिसांची जादा कुमक आली होती. त्यांच्याकडे ढाली होत्या, बंदुका होत्या. पण कुठल्या दाराच्या आत कुठली पोरे आहेत आणि ती कुणाचे ऐकतात, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. हे त्या मजुराला ठाऊक होते. १९४६ साली जो विचार करून हे दल काढले, तो मला त्या रात्री दोन मैलांच्या वाटेवर समजला. दंगलीत माणूस शेजाऱ्याला विसरतो. म्हणून त्याच्यापुढे शेजाऱ्यालाच गणवेश घालून उभा करायचा. चाळीतल्या काकांनी आजीची समई झाकवली होती, ती याच बळावर.

दुसऱ्या दिवशी मी तो अर्ज काढून पाहिला. लाल रेघ तशीच होती. बँकेच्या कागदावरची रेघ पुसता येत नाही. मी काहीच केले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुढे माझी बदली झाली.

आज मागे वळून पाहताना वाटते, ती रेघ माझ्या एकट्याची नव्हती. काकांच्या पिढीत कारकून, मास्तर, वकील, डॉक्टर हौसेने या दलात जात. तालुक्याचा समादेशक म्हणजे गावातला कुणी प्रतिष्ठित माणूस असे. मग आम्ही पांढरपेशे हळूहळू बाजूला झालो. आमची मुले शिकवण्यांना आणि पुढे परदेशी गेली. जागा भरल्या त्या रोजगार शोधणाऱ्या तरुणांनी. महाराष्ट्रात पोलीस भरतीत होमगार्डांसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. कित्येक मुले त्या आशेवर वर्षानुवर्षे काठी धरून उभी राहतात. नाव स्वयंसेवकाचे आणि काम मात्र पोटासाठी, अशी ही ओढाताण आहे.

ती शेवटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. मार्च २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितले, की होमगार्ड हे नियमित सरकारी नोकर नव्हेत. पण त्यांचा रोजचा भत्ता असा असावा, की महिन्याचे तीस दिवस धरले तर पोलिसाच्या किमान वेतनाइतका व्हावा. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये हा भत्ता वाढवून दिवसाला हजार रुपयांच्या वर नेला. ही चांगलीच गोष्ट झाली. पण भत्ता मिळतो तो बोलावल्या दिवसाचा. बोलावणे आले नाही, तर त्या दिवशी हातात काही नाही.

काही जण म्हणतात, सेवा निष्काम असेल तर पैशांची भाषा कशाला? मी हिशेबाचा माणूस आहे. माझ्या मते निष्काम सेवा त्याने करावी ज्याच्या घरी संध्याकाळची चूल पेटण्याची खात्री आहे. ज्याला ती नाही, त्याच्याकडून आपण निष्कामता मागतो तेव्हा खरे तर आपण स्वस्त मजुरी मागत असतो. आणि ज्यांच्या घरची चूल पेटलेली आहे असे आम्ही पायरीवर उभे राहून गर्दी पाहतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात कर्तव्यावर असताना प्राण देणाऱ्यांच्या यादीत मोठमोठ्या पोलीस अधिकाऱ्यांबरोबर एक नाव आहे, होमगार्ड मुकेश जाधव. त्या यादीत त्यांचा व्यवसाय कुणी खोडला नाही.

त्या चतुर्दशीच्या रात्री अकराच्या सुमारास मी पुन्हा चौकात गेलो. पोरगा तिथेच होता. बरोबर डब्यात थोडे थालीपीठ नेले होते. त्याने दोरीचे टोक एका हातात धरून दुसऱ्या हाताने ते खाल्ले. पोलीस भरतीला पुन्हा बसणार असल्याचे सांगितले. मी म्हणालो, "तुला कुणी ‘होमगार्ड तर आहेस’ म्हणाले ना, तर सांग, कायद्याने आत्ता मी पोलीसच आहे."

तो हसला. "सांगतो की. पण काका, तुम्ही जरा पायरीवर चढा. मोठा गणपती येतोय."

मी पायरीवर चढलो. त्याने दोरी दोन्ही हातांत घट्ट धरली.