अर्धशिशीचा वेग

ताप आला तर तापमापक तो दाखवतो. हाड मोडले तर क्ष-किरणांच्या चित्रात भेग दिसते. पण ‘डोके दुखते’ म्हणणाऱ्याजवळ पुरावा कोणता? म्हणूनच वर्गात डोके धरून बसलेल्या मुलाला ‘गृहपाठ झाला नसेल’ असे ऐकावे लागते. अर्धशिशीच्या बाबतीत मात्र विज्ञानाला पुरावा सापडला आहे. या विकारातील एका घटनेचा चक्क वेग मोजता आला आहे. तो कसा, ते पाहू या.

अर्धशिशी आपल्याला नवी नाही. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत ती ‘अर्धावभेदक’ या नावाने आढळते. डॉक्टर तिला मायग्रेन म्हणतात. बहुधा डोक्याची एक बाजू ठणकते, मळमळते, उलटी होते. उजेड, आवाज व वास नकोसे होतात. जिना चढला तरी ठणका वाढतो. मोठ्या माणसांत हा त्रास ४ ते ७२ तास टिकतो. मुलांत तो पुष्कळदा कमी वेळ टिकतो आणि कपाळाच्या दोन्ही बाजूंनाही होतो. तेव्हा ‘अर्ध’ या शब्दावरून फसू नका. जगात दर सात माणसांमागे सुमारे एकाला हा विकार असतो, आणि तो अनेकदा घराण्यात चालत येतो.

काही रुग्णांना डोके दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे एक चमत्कारिक देखावा दिसतो. नजरेच्या मध्याजवळ लहानसा चकाकता ठिपका उमटतो. तो वाढत जाऊन करवतीच्या दात्यांसारखी लखलखती कमान होते. कमान कडेकडे सरकते आणि तिच्या मागच्या भागात काही काळ दिसत नाही. ग्रिनिचच्या वेधशाळेचे प्रमुख, खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८६५ साली स्वतःला दिसणाऱ्या अशा कमानीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचा मुलगा ह्यूबर्ट डॉक्टर होता, आणि त्यालाही ती दिसे. १८७० मध्ये त्याने तिची सुरेख चित्रे छापली व तिला किल्ल्याच्या तटाची उपमा दिली. नगरच्या भुईकोट किल्ल्याचा नकाशा आठवा आणि त्याच्या गोल बुरुजांना टोकदार कोन द्या, म्हणजे कल्पना येईल.

ही कमान कडेला जाताना मोठी आणि वेगवान होते. असे का? एक प्रयोग कल्पनेने करा. नगर जिल्ह्याचा असा नकाशा काढा की नगर शहर हातभर मोठे आणि पाथर्डी, शेवगाव हे तालुके बोटभर. माळीवाड्यावरून एक मुंगी एकसारख्या वेगाने पाथर्डीकडे निघाली. शहर ओलांडायला तिला बराच वेळ लागेल, पण पुढचा अख्खा तालुका ती क्षणात पार करील. मेंदूच्या मागील भागात दृष्टिक्षेत्राचा असाच नकाशा असतो. त्यात नजरेच्या मध्याला फार मोठी जागा असते आणि कडेला थोडी. म्हणजे मेंदूवर काहीतरी एकसारख्या वेगाने सरकत असले पाहिजे.

अमेरिकन शास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी स्वतःला दिसणाऱ्या कमानी कागदावर उतरवल्या आणि १९४१ साली हिशेब मांडला. उत्तर आले मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर. पुढे १९४४ मध्ये ब्राझीलचे आरिस्टिडिस लिआओ यांना सशाच्या मेंदूवर एक लाट पसरताना आढळली. तिच्या मागे पेशींची विद्युत्-हालचाल काही काळ थंडावत होती. वेग? तोही मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर! चेतातंतूंतील वेगवान संदेश सेकंदाला १०० मीटरपर्यंत धावतात. त्या मानाने ही लाट गोगलगायीपेक्षाही मंद आहे, कारण ती तंतूंतून धावत नाही. पेशींमधून पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात, शेजारच्या पेशींपर्यंत पसरतात आणि त्यांनाही पेटवतात. कुरणातील वणव्याप्रमाणे पुढे लखलखाट आणि मागे काळोख. २००१ साली रुग्णाच्या मेंदूच्या चुंबकीय प्रतिमांतही जवळपास याच वेगाने सरकणारा बदल दिसला.

मग दुखते काय? मेंदूला स्वतःला वेदना नसते. त्याच्यावरील आवरणांत मात्र ट्रायजेमिनल या चेतेची टोके असतात. ती चेतवली गेली की ‘सीजीआरपी’ नावाचे द्रव्य सुटते व ठणका सुरू होतो. हे द्रव्य अडवणारी औषधे आता निघाली आहेत. लखलखती कमान सर्वच रुग्णांना दिसत नाही; साधारण चौघांपैकी एकाला दिसते. ती न दिसणाऱ्यांची वेदनाही तेवढीच खरी असते.

उपाशी राहणे, अपुरी झोप, रणरणते ऊन, उग्र वास यांनी पुष्कळांना झटका येतो. नवरात्रात मोहट्याला अनवाणी निघालेल्या किंवा परीक्षेसाठी रात्र जागवलेल्या अशा रुग्णाने वेळेवर खाणे, पाणी व झोप सांभाळावी. झटका आला की अंधाऱ्या, शांत खोलीत पडावे. डॉक्टरांनी दिलेली गोळी लवकर घ्यावी, पण महिन्यातून दहा-पंधरा दिवस गोळ्या घेऊ लागल्यास त्यांनीच डोके दुखू लागते. डोकेदुखी एकाएकी अतितीव्र झाली, ताप येऊन मान ताठरली, डोक्याला मार लागला असला, किंवा हातपाय लुळे पडले, तर मात्र ताबडतोब दवाखाना गाठावा.

शिक्षकांनीही एवढे करावे. उजेडाकडे पाठ फिरवून बसलेल्या विद्यार्थ्याला उभे करण्याऐवजी खिडकी लावून घ्यावी आणि त्याला अर्धा तास पडू द्यावे. त्याच्या मेंदूत काय चालले आहे ते आपल्याला दिसत नाही, पण त्याचा वेग आपल्याला ठाऊक आहे.