पोंगचे पाणी राजस्थानात, धरणग्रस्त वाटेवर

हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यात, बियास नदी शिवालिकच्या डोंगररांगांतून पंजाबच्या मैदानाकडे वळते त्या ठिकाणी, १९७४ मध्ये पोंग धरण पूर्ण झाले. १९६० च्या सिंधू पाणीवाटप करारान्वये रावी, बियास आणि सतलज या पूर्वेकडील नद्यांचे पाणी भारताच्या वाट्याला आले आणि ते पंजाब, हरियाणाबरोबरच राजस्थानच्या वाळवंटापर्यंत पोहोचवायचे तर पावसाळ्यातला पूर अडवून ठेवणारा मोठा साठा बियासवर असणे भाग होते.

पोंग हे भराव धरण आहे, म्हणजे त्याच्या मध्यभागी पाणी झिरपू न देणाऱ्या मातीचा गाभा असून दोन्ही अंगांनी वाळू-गोट्यांचे जड थर त्या गाभ्याला आधार देतात. १३३ मीटर उंच आणि जवळजवळ दोन किलोमीटर लांब असलेल्या या भिंतीमागचा जलाशय महाराणा प्रताप सागर या नावाने ओळखला जातो. पायथ्याच्या वीजगृहाची क्षमता ३९६ मेगावॅट असली, तरी धरणाचे मुख्य प्रयोजन सिंचन हेच आहे. येथून सोडलेले पाणी बियासच्या पात्रातून हरिके येथे सतलजला मिळते आणि तेथील बंधाऱ्यातून निघणारा, पूर्वी राजस्थान कालवा म्हटला जाणारा इंदिरा गांधी कालवा ते थेट जैसलमेरपर्यंत नेतो.

हिमवितळीच्या आणि पावसाच्या पाण्याने जलाशय सप्टेंबरपर्यंत भरतो, पुढे उन्हाळ्यापर्यंत उतरत जातो आणि उघड्या पडलेल्या काठावर गाळपेर जमीन तयार होते. हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस येथे फार मोठ्या संख्येने उतरतात. त्यामुळे हा परिसर १९८३ मध्ये अभयारण्य झाला आणि २००२ मध्ये रामसर करारातील पाणथळींच्या यादीत आला. अभयारण्यात शेतीला मनाई असल्याने गाळपेरीचा वाद मात्र वर्षानुवर्षे चालू आहे, आणि त्याचे मूळ धरणग्रस्तांच्या न सुटलेल्या प्रश्नापर्यंत जाते.

बुडीत क्षेत्रात गेलेले हलदून खोरे कांगड्याचे धान्यकोठार मानले जाई. तीनशेहून अधिक गावांतील वीस हजारांवर कुटुंबे विस्थापित झाली आणि त्यांपैकी सुमारे सोळा हजार कुटुंबे राजस्थानातील जमिनीसाठी पात्र ठरली, कारण ज्या वाळवंटाला पाणी मिळणार त्याच्याच लाभक्षेत्रात, म्हणजे कालव्याने भिजणाऱ्या प्रदेशात, त्यांना जमीन द्यावी असे ठरले होते. तत्त्व न्याय्य होते. अंमलबजावणी तशी झाली नाही. डोंगरउतारावर भात पिकवणाऱ्या माणसाने शेकडो किलोमीटर दूरच्या वाळूत स्वतः राहून शेती करावी, जमीन ठरावीक काळ विकू नये, अशा अटी होत्या आणि त्या मोडल्याचे कारण देऊन अनेकांचे वाटप रद्द झाले. काही जमिनींवर आधीच इतरांचा ताबा बसला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये या प्रश्नासाठी उच्चाधिकार समिती नेमण्याचा आदेश दिला, तरीही मुळात ठरलेल्या श्रीगंगानगरऐवजी जैसलमेरच्या सीमेलगतची जमीन पुढे केली जात असल्याची धरणग्रस्तांची तक्रार कायम राहिली.

महाराष्ट्राने १९७६ च्या पुनर्वसन कायद्यात लाभक्षेत्रातील मोठ्या जमीनधारकांकडून जमीन घेऊन ती विस्थापितांना देण्याची तरतूद केली, आणि तिची अंमलबजावणी किती रखडते हे कोयनेच्या धरणग्रस्तांना ठाऊक आहे. पोंगच्या बाबतीत तर बुडीत क्षेत्र एका राज्यात आणि लाभक्षेत्र दुसऱ्या राज्यात असल्याने विस्थापितांची मते ज्या सरकारला लागतात त्याच्या हाती जमीन नाही, आणि ज्याच्या हाती जमीन आहे त्याला त्यांच्या मतांची गरज नाही. म्हणूनच आंतरराज्य धरणात पाणी अडवण्यापूर्वी जमिनीचा ताबा देण्याचे बंधन पाणी घेणाऱ्या राज्यावर करारातच घातले पाहिजे. पोंगमध्ये ते घातले गेले नाही, आणि मूळ खातेदारांची पुढची पिढी आजही त्या जमिनीसाठी अर्ज करते आहे.