ठेकेदार ओळखीचा, पण कागद कुठे आहे?

एप्रिल-मे उजाडला की नागपूरच्या कोणत्याही मोहल्ल्यात छतांवर माणसे चढलेली दिसतात. कोणी कूलरची घास बदलतो आहे, कोणी गच्चीचा जुना कोबा फोडतो आहे. कोणाच्या अंगणात गट्टू बसविले जात आहेत, तर कोणाच्या दारात बोअरवेलची गाडी रात्रभर घरघरते आहे. पावसाळा विदर्भात साधारणतः जूनच्या मध्यावर येतो आणि त्याच्या आत सर्वांनाच आपापली कामे उरकायची असतात. मिस्त्री थोडे आणि गिऱ्हाईक फार, अशी या दोन महिन्यांची अवस्था असते. फसगत होते ती नेमकी याच घाईत.

आमची झाली ती २०२२ च्या मे महिन्यात. रमजान ईद नुकतीच होऊन गेली होती. घराची गच्ची ७०० चौरस फुटांची, स्लॅब जुना, आतल्या खोलीच्या कोपऱ्यात ओल. ठेकेदार आमच्याच मशिदीत नमाजला येणारा, सलाम-दुआ असलेला माणूस. ५५ रुपये फुटाचा भाव ठरला, म्हणजे ३८,५०० रुपये. २५,००० रुपये त्याने आधी मागितले, आम्ही दिले. चिठ्ठीचा विषय आम्ही दबक्या आवाजात काढला तेव्हा तो हसून म्हणाला, "अपने घर का काम है भाईजान, लिखने की क्या जरूरत?" आम्हालाच शरम वाटली.

दोन माणसे आली. झाडू मारला, कुठे कुठे खरवडले आणि दीड दिवसात पांढऱ्या रंगाचे दोन हात मारून गेली. गच्ची उन्हात अशी चमकू लागली की उरलेले १३,५०० रुपयेही आम्ही खुशीने देऊन टाकले. जूनअखेर पहिला मोठा पाऊस झाला आणि पंख्याच्या हुकापासून धार लागली. गाद्या उचलल्या, पुस्तकांची पेटी बाहेर काढली, बादल्या ठेवल्या.

फोन केला तर "उद्या येतो". असे पाच-सहा उद्या गेले. शेवटी तो आला, छताकडे पाहून म्हणाला, "स्लॅबच खराब आहे, त्याला मी काय करणार?" जुना कोबा काढून नवा घालायचा होता ना, असे विचारले तर म्हणाला, "ते कधी ठरले होते? मी कोटिंगचा भाव सांगितला होता." आता खरे सांगायचे तर काय ठरले होते हे आम्हालाही शपथेवर सांगता आले नसते. त्याने वॉटरप्रूफिंग हा शब्द वापरला होता. त्या एका शब्दात त्याच्या मनात रंगाचे दोन हात होते आणि आमच्या मनात विटांच्या तुकड्यांचा कोबा होता. तो संपूर्ण लबाड होता असे आम्ही आजही म्हणत नाही. पण पैसे गेले आणि छत गळत राहिले, हे खरे.

पुढे कळले ते असे. गच्चीच्या कामात पोकळ झालेला जुना थर काढावा लागतो, भेगा उकरून भराव्या लागतात, भिंत आणि गच्ची जिथे मिळतात तिथे गोलाई द्यावी लागते आणि पाणी पाईपकडे वाहील असा उतार काढावा लागतो. धुळीवर किंवा ओलीवर मारलेला कितीही भारी रंग पापुद्रे होऊन निघतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काम झाल्यावर पाईपचे तोंड बंद करून गच्चीवर दोन-तीन इंच पाणी दोन दिवस साठवून ठेवायचे आणि खालून छत पाहायचे. ही परीक्षा मे महिन्यातही होते, तिला पावसाची वाट पाहावी लागत नाही. ती न करता आम्ही शेवटचे पैसे दिले, ही चूक आमची.

भीड नावाचा आजार

हा अनुभव चार ठिकाणी सांगितला तेव्हा जो तो आपली कहाणी सांगू लागला. बोअरवेलची तक्रार सर्वांत जास्त. भाव फुटावर असतो आणि खोली सांगतो गाडीवाला. रात्री काम चालते, घरमालक झोपलेला असतो, सकाळी बिल हातात येते. वास्तविक उपाय सोपा आहे. गाडीवरच्या एका रॉडची लांबी टेपने मोजावी आणि किती रॉड खाली उतरले त्याची दारात बसून खूण करीत जावी. केसिंगचे पाईपही उतरण्याआधी मोजावेत, कारण जमिनीत गेलेला पाईप पुन्हा कोणी मोजू शकत नाही. वाळवीच्या औषधाचे तसेच. फरशीच्या कडेने भोके पाडली, काहीतरी पातळसर ओतले, पाच वर्षांची गॅरंटी तोंडी दिली आणि पुढच्या वर्षी फोन बंद. अशी फवारणी धंदा म्हणून करणाऱ्याला कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो. तो दाखवा म्हटले की बरेच जण दुसऱ्या दिवशी येत नाहीत, हाही एक फायदाच. नागपूरच्या काळ्या मातीवर बांधलेल्या घरांची तर वेगळीच व्यथा आहे. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भिंतींना तडे पाडते. मिस्त्री तडे बुजवून पैसे घेतो, पुढच्या उन्हाळ्यात तडा पुन्हा उघडतो, आणि दोष कामाचा की मातीचा यावर भांडण सुरू होते. अंगणातले गट्टू बसतात तेही याच मातीमुळे. खाली मुरूम व चुरी नीट दाबून घातली नसेल तर पहिल्याच पावसाळ्यानंतर अंगणात खळगे पडतात.

या सर्व कहाण्यांत एक गोष्ट समान होती. कागद कोणाकडेच नव्हता. आणि नव्हता तो अडाणीपणामुळे नव्हे. सांगणाऱ्यांत शिक्षक होते, दुकानदार होते, रोज पावत्या फाडणारे लोक होते. आपल्या दुकानात चार रुपयांची उधारी वहीत लिहिणारा माणूस घरच्या कामात ८०-९० हजार रुपये तोंडी व्यवहारावर देऊन टाकतो, कारण समोरचा आपला आहे, बिरादरीचा आहे, मेहुण्याच्या ओळखीचा आहे. काम बिघडल्यावर तक्रार करायची म्हटले तर हीच ओळख आडवी येते. "जाने दो, अपना ही आदमी है," असे वडीलधारी मंडळी म्हणतात. त्या माणसाला मात्र जाऊ द्यावे लागत नाही, त्याचे पैसे केव्हाच पोहोचलेले असतात.

यात धर्माचा आधार घेणाऱ्यांनी दिव्य कुरआनातील सूरह अल-बकराची २८२ वी आयत काढून पाहावी. कुरआनातील ही सर्वांत मोठी आयत आहे आणि तिचा विषय आहे मुदतीचा व्यवहार लिहून ठेवणे. लिहिणारा कसा असावा, मजकूर कोणी सांगावा, साक्षीदार किती असावेत, सारे तपशीलवार आले आहे. व्यवहार लहान असो की मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये असेही सांगितले आहे. बहुसंख्य उलेमांनी हा आदेश सक्तीचा न मानता पसंत केलेला मानला आहे, हे खरे. पण आज पैसे घेऊन उद्या काम देण्याचे वचन हेही एक देणेच आहे. ज्या गोष्टीची शिकवण इतक्या तपशिलाने दिली आहे, ती मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, हे आपण कोठून शिकलो कोण जाणे!

रोजंदारी की ठेका?

कायद्याकडे वळण्यापूर्वी एक फरक ध्यानात घ्यावा. सकाळी ठिय्यावरून मिस्त्री आणि दोन रेजा रोजीने आणल्या, सामान आपण दिले, काम आपल्या नजरेखाली करून घेतले, तर तो मजूर आपला आहे. काम वाईट झाले तर दोष बराचसा आपला. ठेका दिला म्हणजे काम पूर्ण करून देण्याची जबाबदारी त्याची. फिकहमध्ये हा भेद फार जुना आहे. आपला वेळ एकालाच विकणारा तो अजीरे खास. शिंपी, रंगारी यांच्यासारखा अनेकांची कामे घेणारा तो अजीरे मुश्तरक. हजरत अली (र.) अशा कारागिरांकडून नुकसान भरून घेत, अशी रिवायत आहे. इमाम अबू हनीफा यांचे मत याबाबत सौम्य होते, तर त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद यांनी कारागिराला जबाबदार धरले. टाळता न येणारी आपत्ती तेवढी वगळली.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली वैद्यकीय सेवेसंबंधीच्या गाजलेल्या निकालात जवळपास हाच भेद केला. नोकर म्हणून केलेली चाकरी वेगळी आणि मोबदला घेऊन दिलेली सेवा वेगळी; ग्राहक कायदा दुसरीला लागू होतो. घरबांधणीबाबत तर त्याआधीच, १९९३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ती सेवेच्या व्याख्येत आली होती, आणि त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात न्यायालयाने सदोष बांधकाम ही सेवेतील त्रुटी असल्याचे सांगितले. १९८६ च्या कायद्याची जागा आता २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने घेतली आहे. तो जुलै २०२० पासून लागू झाला.

पोलीस ठाण्यात गेलात तर बहुधा हा पैशांचा दिवाणी वाद आहे असे सांगून परत पाठवितात. त्यापेक्षा सिव्हिल लाईन्समधील जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता बरा. पाच लाख रुपयांपर्यंतचे काम असेल तर तिथे फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही. ठेकेदार दुसऱ्या गावचा असला तरी आपण जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, आणि "उद्या येतो" म्हणणाऱ्याच्या भरवशावर ती कधी सरते ते कळत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाईनवर फोन करून पाहावा, लेखी नोटीस द्यावी, एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून पाहणी करून अहवाल घ्यावा, फोटो काढावेत. तीन महिन्यांत निकाल व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, हे सांगितले नाही तर ती वाचकांची दिशाभूल होईल. पण आयोगाचा आदेश न पाळणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद आहे, त्यामुळे बरीच प्रकरणे नोटिसीनंतरच मिटतात.

आणखी एक लबाडी. बिल मागितले की ठेकेदार म्हणतो, "बिल पाहिजे तर १८ टक्के जीएसटी वर द्या." ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि ज्याने नोंदणी केलेली नाही, त्याला जीएसटी घेण्याचा अधिकारच नाही. त्याने साधी सही केलेली पावती द्यावी, तीही पुरावा असते. पैसे रोख न देता यूपीआयने दिले तर तारीख आणि रक्कम दोन्ही आपोआप नोंदली जाते. व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे पुसून टाकू नये.

दुसरी बाजू

वेल्डिंग, रंगकाम, प्लंबिंग, कूलर, फर्निचर या धंद्यांत आपले हजारो तरुण आहेत, आणि हे पान तेही वाचतात. त्यांची तक्रार ऐकली तर गिऱ्हाईकही मान खाली घालील. काम संपले की शेवटचे पाच-दहा हजार देताना घरमालकाला अचानक सतरा दोष दिसू लागतात. भाव ठरतो एका खोलीचा आणि "एवढे तेवढे करून टाक" म्हणत जिन्याचेही काम करून घेतले जाते. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी देण्याची हदीस मिस्त्रीला पाठ असते, कारण त्याला ती वारंवार आठवावी लागते. धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल दाखवून देणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस गिऱ्हाइकाला पाठ असते. दोघेही समोरच्याची हदीस सांगतात. मोठी रक्कम आधी मागण्याचे कारणही पुष्कळदा हेच असते की मागे कोणीतरी त्या मिस्त्रीला बुडविलेले असते.

आमच्या गच्चीचे पुढे काय झाले ते सांगतो. तो पावसाळा ताडपत्रीखाली काढला. पहिल्या ठेकेदारावर तक्रार केली नाही; दाखवायला काही नव्हते आणि रोज सफमध्ये शेजारी उभे राहायचे होते. मार्च २०२३ मध्ये दुसरा मिस्त्री शोधला. त्याने दोन तास गच्ची ठोकून पाहिली आणि भाव सांगितला १२० रुपये फूट. एकूण ८४,०००. महाग वाटला. पण कागदाचा विषय आम्ही काढण्याआधी त्यानेच काढला. स्वतःला लिहिता येत नव्हते म्हणून नववीत शिकणाऱ्या मुलाला बरोबर घेऊन आला. मुलाने शाळेच्या वहीच्या पानावर लिहिले: जुना कोबा काढणे, मलबा उचलून नेणे, भेगा भरणे, विटांचा कोबा, गोलाई, उतार, दोन दिवस पाणी भरून ठेवणे. सामान आले की २०,०००, विटांचा थर झाला की ३०,०००, पाण्याची परीक्षा झाली की २६,०००, आणि पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर ८,०००. खाली त्याचा अंगठा आणि आमची सही. "आपकी सही भी चाहिए," असे त्याने बजावून सांगितले, "पैसा आप भी रोक सकते हो."

जुलैत दोन दिवस पाऊस कोसळला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच आला, चहाही न घेता आतल्या खोलीत जाऊन पंख्याच्या हुकाभोवती हात फिरवून पाहिला, आणि मग खिशातून ते घडी घातलेले पान काढले.