मनोरा उभा राहण्याआधी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या शेजारी, अधूनमधून बारीक टायपातली एक सूचना छापलेली असते. अमुक उपकेंद्रापासून तमुक उपकेंद्रापर्यंत अतिउच्च दाबाची वीजवाहिनी टाकण्याचे योजिले आहे, असे ती सांगते. खाली तालुकावार गावांची नावे असतात आणि शेवटी, कोणाची हरकत असल्यास दोन महिन्यांच्या आत लेखी कळवावी, असे एक वाक्य. ज्यांच्या शेतातून ती वाहिनी जायची असते, त्यांच्यापैकी अनेकांच्या नजरेस ही सूचना पडतच नाही. त्यांना बातमी कळते ती मोजणीची माणसे बांधावर खुंट्या ठोकू लागतात तेव्हा.

अशा सूचना येत्या काही वर्षांत वाढणार आहेत. २०३० पर्यंत ५०० गिगावॉट, म्हणजे पाच लाख मेगावॉट वीजक्षमता कोळसा, तेल आणि वायूवाचून उभी करायची, असे उद्दिष्ट देशाने ठेवले आहे. पण ऊन आणि वारा जिथे भरपूर, तिथे शहरे आणि कारखाने असतातच असे नाही. ती वीज शेकडो किलोमीटर वाहून आणावी लागते. केंद्रीय वीज प्राधिकरणाने डिसेंबर २०२२ मध्ये यासाठी जो आराखडा मांडला, त्यात सुमारे ५०,८९० सर्किट किलोमीटर वाहिन्या आणि २ लाख ४४ हजार कोटी रुपये खर्च धरला आहे. (एकाच मनोऱ्यावर दोन सर्किट असतील तर एका किलोमीटरचे दोन मोजले जातात.) स्वच्छ वीज सर्वांना हवी आहे. प्रश्न एवढाच आहे, की तिची वाट कोणाच्या शिवारातून जाणार आणि ते कोण ठरवणार?

मनोऱ्याच्या चार पायांखाली जाणारी जागा थोडी असते. खरी अडचण तारांखालच्या पट्ट्याची. २२० केव्ही वाहिनीसाठी सुमारे ३५ मीटर, तर ४०० केव्हीसाठी सुमारे ४६ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. त्यात भुईमूग, सोयाबीन घेता येते. आंबा, नारळ, साग वाढवता येत नाही, घर बांधता येत नाही. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचेच राहते, पण जमिनीची बाजारातली किंमत मात्र उतरते.

हे सारे मालकाच्या संमतीविना होऊ शकते, कारण विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६४ नुसार सरकार वाहिनी टाकणाऱ्या कंपनीला तार खात्याचे अधिकार देऊ शकते. हे अधिकार १८८५ च्या भारतीय तार अधिनियमातले. जमीन संपादन करायची नाही, फक्त वापरायची आणि नुकसान होईल तेवढी भरपाई द्यायची, अशी त्यामागची कल्पना. मालकाने अडवले तर जिल्हा दंडाधिकारी कामाला परवानगी देऊ शकतात; भरपाई अपुरी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे जायचे. इंग्रजांच्या काळी रस्त्याकडेने तारेचे खांब रोवण्यासाठी केलेली ही सोय. आपल्याकडची तार २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. जुन्या अधिनियमाच्या जागी २०२३ मध्ये नवा दूरसंचार अधिनियम आला. पण वीजवाहिन्यांपुरता जुन्या कायद्याचा हा भाग लागूच राहील, अशी तरतूद त्यात आवर्जून केली आहे.

कायद्याची बाजूही समजून घ्यायला हवी. शंभर किलोमीटरच्या वाहिनीत एका मालकाने नाही म्हटले की काम थांबले, असे झाले तर कोणतीच वाहिनी पुरी होणार नाही. म्हणून संमतीची अट नाही. पण संमती नको म्हणजे विचारणाही नको, असा अर्थ आपल्या व्यवस्थेने लावून घेतला आहे.

गेल्या दहा वर्षांत सुधारणा झाली ती भरपाईत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये मनोऱ्याखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त १५ टक्के मोबदला सुचवला. जून २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे आकडे अनुक्रमे २०० आणि ३० टक्के झाले. राज्यांनी ती स्वीकारून अमलात आणायची आहेत. ही वाढ स्वागतार्ह आहे, पण भरपाई म्हणजे सहभाग नव्हे. भरपाई ठरते तेव्हा मार्ग ठरून गेलेला असतो. वाहिनी ओढ्याच्या पलीकडून नेता आली असती का, माळावरून वळवता आली असती का, जुन्या वाहिनीच्या शेजारून जाणे शक्य होते का, हे प्रश्न विचारण्याची वेळ तोवर टळलेली असते.

विजेच्या बाबतीत लोकांना विचारण्याची पद्धत आपल्याला नवी नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला. तेव्हापासून वीजदराच्या प्रस्तावांवर जाहीर सुनावणी होते. कोणीही ग्राहक उभा राहून बोलू शकतो, लेखी हरकत देऊ शकतो. पुण्याची प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत अशा संस्थांनी तिथे आकडेवारीनिशी बाजू मांडली आणि आयोगाला आपल्या आदेशात त्या मुद्द्यांची दखल घ्यावी लागली. म्हणजे युनिटमागे किती पैसे द्यायचे यावर आपण बोलू शकतो. वाहिनी कुठून जावी यावर मात्र तशी सुनावणी नाही. पर्यावरणाच्या कायद्यातही ती सापडत नाही. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या औष्णिक केंद्रासाठी जनसुनावणी घ्यावी लागते. पवनचक्क्या, सौर प्रकल्प आणि वीजवाहिन्या त्या यादीत नाहीत. वनजमिनीसाठी ग्रामसभेची संमती घेण्याच्या अटीतूनही फेब्रुवारी २०१३ च्या केंद्राच्या पत्राने वाहिन्यांसारखे रेषीय प्रकल्प बहुतांशी वगळले.

आधी न विचारण्याची किंमत काय पडते, ते शेजारच्या गोव्यात दिसले. छत्तीसगडमधल्या तमनारचे नाव असलेल्या प्रकल्पात कर्नाटकातून गोव्यातल्या शेल्डे येथे ४०० केव्हीची वाहिनी आणायची होती आणि तिचा मार्ग मोलेच्या जंगलातून आखलेला होता. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदी चालू असताना, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दूरदृश्य बैठकीत तिला हिरवा कंदील दाखवला. विद्यार्थी, संशोधक, चित्रकार, ग्रामस्थ रस्त्यावर आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने एप्रिल २०२१ मधील अहवालात सांगितले, की नवा पट्टा तोडण्याऐवजी आधीपासून असलेल्या २२० केव्ही वाहिनीच्या पट्ट्यातूनच ही वाहिनी न्यावी. २०२२ मध्ये न्यायालयानेही तीच दिशा धरली. जुनी वाहिनी तर सुरुवातीपासून तिथे उभी होती. तिच्याकडे बोट दाखवायला न्यायालयापर्यंत जावे लागले, यात प्रकल्पाचा आणि लोकांचा, दोघांचाही वेळ गेला.

याउलट उदाहरण डेन्मार्कचे. कोपनहेगन बंदराबाहेरच्या उथळ समुद्रात मिडलग्रुंडन नावाचा पवन प्रकल्प आहे. मूळ बेत २७ पवनचक्क्या तीन रांगांत उभारण्याचा होता. जाहीर सुनावणीत, शहरातून दिसणारे दृश्य बिघडेल असा आक्षेप आला. मग आराखडा बदलला आणि २००० साली २० पवनचक्क्या एका सौम्य कमानीत उभ्या राहिल्या. एकूण क्षमता ४० मेगावॉट. निम्मी मालकी शहराच्या वीज कंपनीची, निम्मी सहकारी संस्थेची, आणि तिचे सभासद साडेआठ हजारांहून अधिक. आपल्या महाराष्ट्राला साखर आणि दुधाचा सहकार सांगायला नको. वीजवाटपाचाही अनुभव आहे. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने २०११ पर्यंत ते काम केले. ती थकबाकीत रुतली हे खरे, पण त्यातूनही शिकता येईल. आज गायरानावर सौर पटले बसतात, तेव्हा त्या गवतावर ज्यांची मेंढरे जगतात त्यांना निर्णयात आणि उत्पन्नात वाटा काय, हा प्रश्न विचारायलाच हवा.

अर्थात, लोकसहभाग म्हणजे जादूची कांडी नव्हे. जर्मनीत उत्तरेचा वारा दक्षिणेच्या कारखान्यांपर्यंत नेणाऱ्या सुमारे ७०० किलोमीटरच्या ‘स्यूडलिंक’ वाहिनीला इतका विरोध झाला, की २०१५ मध्ये अशा वाहिन्या शक्यतो जमिनीखालून नेण्याचा कायदा झाला. खर्च वाढला आणि २०२२ ची मुदत कित्येक वर्षे पुढे गेली. आणखी एक धोका असतो. ज्याचा आवाज मोठा त्याच्या बागेवरून वाहिनी हटते आणि ज्याला आवाज नाही त्याच्या तुकड्यावर येते. म्हणून सर्वांसमोर, नकाशा पुढे ठेवून आणि कारणे नोंदवून निर्णय व्हायला हवा.

त्यासाठी फार मोठे काही करावे लागणार नाही. एकाऐवजी दोन-तीन पर्यायी मार्ग गट क्रमांकांसह मराठी नकाशावर दाखवावेत. तो नकाशा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा आणि ग्रामसभेत समजावून सांगावा. आलेल्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यावे आणि जी मान्य होणार नाही तिचे कारण सांगावे. यात काही महिने जातील, हे खरे. पण सौर प्रकल्प दोनेक वर्षांत उभा राहतो आणि वाहिनी वादात अडकून मागे पडते. २०२५ मध्ये राजस्थानात वाहिन्या अपुऱ्या पडल्याने तयार सौर वीज सोडून द्यावी लागली. सुरुवातीला वाचवलेले महिने शेवटी असे व्याजासह फेडावे लागतात.

तोवर नागरिक म्हणून आपल्या हाती ती बारीक टायपातली सूचना आहे. तिच्यात आपल्या किंवा शेजारच्या गावाचे नाव दिसले तर ती कापून ग्रामपंचायतीत द्यावी, हरकत मुदतीत आणि लेखी द्यावी, पोच घ्यावी. केवळ ‘आमचा विरोध आहे’ असे न लिहिता दुसरा मार्ग सुचवावा. नकाशावरची रेष खोडायला रबर पुरतो. मनोरा उभा राहिला की ती कोणालाच खोडता येत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)